पावणेसातची किल्ली

बुधवारी सकाळी टेबलावर सोळा घड्याळं होती. अकरा कोरडी, पाच ओली. ओली म्हणजे थबथबलेली नव्हेत. काचेच्या आतल्या बाजूला, सहा आणि नऊ या आकड्यांच्या मधे, कुणी श्वास सोडावा तसं पुसट धुकं. दोन घड्याळांत ते मुगाच्या दाण्याएवढं होतं, दोहोंत त्याच्या दुप्पट, आणि एकात धुक्याच्या मधोमध पाण्याचा अगदी टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. शमिकाने पाचही घड्याळं पालथी केली. पाठीच्या झाकणावर बारीक कोरलेलं अक्षर असे, प किंवा म, आणि पुढे आकडा. पाचही पाठींवर प होता.

प म्हणजे पद्मावती. सगळं वर्कशॉप त्यांना अक्का म्हणे.

वर्कशॉप म्हणजे बसवनगुडीतल्या भीमाचार्यांच्या घराचा तळमजला. वर भीमाचार्य, त्यांचा देव्हारा आणि त्यांच्या मुलाचा, सुमंतचा संसार. खाली सुमंतचं घड्याळांचं वेड. वीस वर्षं मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत काढून सुमंतने पन्नाशीला नोकरी सोडली होती आणि स्वतःचं घड्याळ काढायला घेतलं होतं. मनगटाच्या हालचालीवर आपोआप किल्ली मिळणारं आणि पाण्यात चालणारं. आतलं यंत्र तो बाहेरून आणत असे; पण बाहेरची पोलादी केस, काच, किल्ली आणि पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या इथल्या, त्याच्या स्वतःच्या नकाशावरच्या. पहिली खेप चोवीस घड्याळांची. बारा अक्कांनी जुळवायची, बारा दुसरा कारागीर मकरंद याने. दोघांनी एकाच पद्धतीने, एकाच मापाने.

आणि ती पाण्यात टिकतात की नाही ते तपासायचं शमिकाने. ती पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली, वय चोवीस, नोकरीला आठ महिने. रोज सकाळी दहाला, आदल्या संध्याकाळी तयार झालेली चार घड्याळं, दोन अक्कांची आणि दोन मकरंदची, ती दाबाच्या भांड्यात पाण्याखाली ठेवी. पाच वातावरणांचा दाब, दहा मिनिटं. मग पुसून पंचेचाळीस अंशांच्या गरम तबकडीवर ठेवायची आणि काचेवर थंड पाण्याचा एक थेंब सोडून एक मिनिट थांबायचं. आत पाणी शिरलं असेल तर थेंबाखाली काचेच्या आतून धुकं धरतं. शिरलं नसेल तर काही होत नाही. चार दिवस ती हे करत होती. मकरंदची आठही कोरडी निघाली होती. अक्कांची तीन कोरडी, पाच ओली.

"दोष सगळ्यांत सारखा असता," ती सुमंतला म्हणाली, "तर पाचही ओली नेमकी अक्कांच्या वाट्याला येण्याची शक्यता अठ्ठ्याहत्तरात एक. मी मोजली."

मोजली नसती तर बरं झालं असतं, असं तिला वाक्य संपताच वाटलं.

सुमंतने चष्मा काढून कपाळ चोळलं. "अठ्ठ्याहत्तर हे अक्कांचं वय असायला अजून सात वर्षं आहेत," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला नाही. "शमिका, त्यांनी एकोणतीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात काढली. मला चिमटा धरायला त्यांनी शिकवलं. पण हात हलायला लागले असतील, तर मी त्यांना जुळणीला नाही बसवू शकत. पुढची खेप दोनशेची आहे. तू शनिवारपर्यंत लिहून दे. काय दिसलं तेवढंच लिही, बाकी मी बोलेन त्यांच्याशी. नवीन पोरांना शिकवतील, घड्याळं डब्यांत भरतील. घरी बसा असं नाही म्हणणार."

"त्यांना ते घरी बसा असंच ऐकू येईल," शमिका म्हणाली.

"हो," सुमंत म्हणाला. "म्हणून तर तुझ्याकडून कागद हवा."

अक्का मागच्या खिडकीजवळ बसत. घरातून येणारा जिना त्यांच्या टेबलाशी उतरे आणि तिथूनच मागचं दार अंगणात उघडे. उजेड चांगला. त्यांची तयार घड्याळं ठेवायची ताटली म्हणजे इडलीपात्रातली एक जुनी स्टीलची ताटली होती, चार खळग्यांची. पट्टे चाचणीनंतर लागत, त्यामुळे नुसतं घड्याळ खळग्यात अगदी नेमकं बसे, घरंगळत नसे. मकरंदने याच कामासाठी पुण्याहून कातडी पेटी आणली होती, आत मखमल आणि बाहेर बक्कल. अक्का तिला 'मकरंदच्या नवरीची पेटी' म्हणत. मकरंदचं लग्न ठरत नव्हतं.

शमिका नोकरीला लागली त्या पहिल्याच आठवड्यात अक्कांनी तिला विचारलं होतं, "घड्याळाला भोकं किती?"

"तीन," ती म्हणाली होती. "काच, पाठ, किल्ली."

"सरी, बरोबर. काच एकदा बसली की बसली. पाठही तशीच. मग पाणी शिरतं कुठून?"

किल्ली म्हणजे बाजूचं ते दातेरी बटण. अक्का तिला सांगू लागल्या आणि शमिका हातातलं काम सोडून ऐकत राहिली. किल्लीचं घड्याळ रोज सकाळी उघडायचं. मनगटावर घड्याळ आलं तसा त्यावर घाम आला, धूळ आली, पाऊस आला, आणि सगळं त्या एका भोकातून आत. मग किल्लीला आटे पाडले, बाटलीच्या झाकणासारखी पिळून बसवायची म्हणून. पण रोज उघडायची ती उघडायचीच. माणसं पिळायला विसरत, आटे झिजत. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका घड्याळजीने वैतागून किल्लीच काढून टाकली होती. आत एक वजन सोडलं, हात हलला की ते हलायचं आणि स्प्रिंग गुंडाळायचं. पुढे वजन गोल फिरायला लागलं, किल्ली परत आली, पण रोज उघडायचं कारण राहिलं नाही. एकदा पिळली की महिनोन्‌महिने पिळलेलीच.

"लोकांना वाटतं, पाणी अडवणं वेगळं आणि आपोआप किल्ली मिळणं वेगळं," अक्का म्हणाल्या होत्या. "सख्ख्या बहिणी आहेत गं त्या. एकीवाचून दुसरीचं चालत नाही."

बुधवारी दुपारी शमिका चहा घेऊन खिडकीपाशी गेली तेव्हा अक्का हातात काही न घेता बसल्या होत्या. भिंग कपाळावर चढवलेलं. दोन्ही हात पुढे धरून, बोटं पसरून, त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

"हलतात का गं?" त्यांनी विचारलं. "खरं सांग."

शमिकाने पाहिलं. उजव्या हाताचं मधलं बोट, अगदी किंचित. की तो खिडकीबाहेरच्या नारळाच्या झावळीचा उजेड होता? तिला सांगता येईना. आणि ठाम सांगता येत नसेल तर सांगायचं नाही, ही तिची सवय होती.

"मला नाही कळत, अक्का."

"तू मोजलंस म्हणे. ऐकू येतं मला इथवर."

"घड्याळं मोजली. हात नाही."

"एकच झालं." अक्कांनी चहाचा पेला उचलला. तो मात्र जराही हलला नाही. पण पेला काही अर्ध्या मिलिमीटरच्या कडीएवढा नाजूक नसतो. "रबरी कडी मी रोज दोनदा बघते. ग्रीस लावते. किल्ली साडेतीन आटे पिळते, मग तुझ्या कागदावर टिक करते. यात कुठे चुकतं ते मलाच कळत नाही, हे जास्त वाईट. चुकतंय हे कळलं असतं तर मीच उठले असते."

तो कागद शमिकानेच आखला होता. 'किल्ली घट्ट' असा रकाना, त्यात जुळवणाऱ्याने संध्याकाळी टिक करायची. टिक झाल्यावर चाचणीपर्यंत घड्याळाला कुणीही हात लावायचा नाही, हा नियमही तिचाच. स्वच्छ निकाल हवा तर मधे कुणाची लुडबुड नको.

गुरुवारी ती अहवाल लिहायला बसली. तीन ओळी लिहिल्या आणि तिथेच अडली. कोष्टकाला जोडायला फोटो हवे होते. प्रत्येक घड्याळाचा एक चाचणीआधी, एक नंतर. आधीचा एवढ्याचसाठी, की काच आधी स्वच्छ होती हे दाखवता यावं. ती आधीचे फोटो ओळीने लावत गेली. म-१, म-२, म-३. काच स्वच्छ. प-१, काच स्वच्छ.

प-१ मध्ये तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

शमिकाने परत म-१ पाहिलं. बारा वाजून दोन मिनिटं.

घड्याळ तयार झालं की काटे बाराला लावायचे आणि स्प्रिंग मोकळीच ठेवायची, अशी पद्धत होती. भांड्यापर्यंत नेताना हाताला जेवढा हिसका बसेल तेवढं आतलं वजन हले, घड्याळ दोन-चार मिनिटं चाले आणि परत गप्प होई. त्यामुळे म-१ ते म-८ सगळ्यांत बारा ते बारा-सहाच्या मधलीच वेळ होती. मग अक्कांचं घड्याळ तीन-एकवीसपर्यंत कसं पोचलं?

तिने प-२ उघडला. तीन-बावीस. प-३, बारा-दोन. प-४, बारा-तीन. प-५, तीन-चोवीस. ती खुर्चीतून उठली, परत बसली. चार दिवस ती घड्याळांचे फोटो काढत होती आणि त्यांत किती वाजलेत हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

पुढचं साधं वजाबाकीचं गणित होतं. प-१ चा फोटो फोनमध्ये दहा वाजून सहा मिनिटांनी काढल्याची नोंद होती. घड्याळ बारापासून निघून तीन तास एकवीस मिनिटं चाललेलं. म्हणजे ते सुरू झालं सहा पंचेचाळीसला. प-२, सहा पंचेचाळीस. प-५, सहा सत्तेचाळीस. प-६, सहा अठ्ठेचाळीस. प-७ आणि प-८, दोन्ही सहा त्रेचाळीस.

सकाळी पावणेसात. वर्कशॉप उघडतं नऊला.

सहा घड्याळं कुणीतरी पावणेसातला चालू केली होती. त्या सहातली पाच ओली. अक्कांची जी दोन चालू झालीच नव्हती, ती दोन्ही कोरडी, आणि ती दोन्ही गेल्या शुक्रवारची. फक्त प-६ हिशेबात बसत नव्हतं: चालू झालेलं, पण कोरडं. तिने ते कागदावर वेगळं लिहून त्याच्याभोवती गोल काढला. जे बसत नाही ते खोडायचं नाही, हे तिला कॉलेजातल्या बाईंनी शिकवलं होतं.

मग ती अक्कांकडे गेली. "आज दोन घड्याळं तयार कराल? प-९, प-१०."

"कशाला? आणखी दोन ओली करून सुमंताला दाखवायला?"

"हो म्हणा ना. नेहमीसारखी करा, नेहमीसारखी ताटलीत ठेवा."

अक्कांनी तिच्याकडे भिंगातून पाहिलं, एक डोळा प्रचंड मोठा. "तुझं काहीतरी चाललंय."

"चाललंय. पण मोजून झाल्याशिवाय सांगणार नाही."

"अय्यो, बाप शास्त्रज्ञ असला की पोरगी अशी होते," अक्का म्हणाल्या आणि चिमटा उचलला.

शमिकाचे वडील सरकारी संशोधन संस्थेत होते; तीस वर्षांपूर्वी नाशिकहून आले आणि राजाजीनगरात राहिले. शुक्रवारी सकाळी सहाच्या आत ती घरातून निघाली तेव्हा त्यांनी फक्त 'प्रयोग का?' एवढंच विचारलं आणि तिच्या डब्यात एक केळं टाकलं. मेट्रोत गर्दी नव्हती. साडेसहाला तिने वर्कशॉपचं पुढचं दार उघडलं, दिवा न लावता मकरंदच्या स्टुलावर जाऊन बसली आणि फोनमधलं घड्याळ समोर धरलं.

सहा बेचाळीसला जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत. ओला पंचा नेसलेले भीमाचार्य खाली उतरले. त्र्याऐंशी वर्षांचे, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. हातात तांब्याचं तबक. डोळ्यांवर चष्मा नव्हता. ते मागच्या दाराकडे निघाले, अंगणातल्या तुळशीकडे, आणि अक्कांच्या टेबलाशी थांबले. बोटांनी चाचपून त्यांनी इडलीच्या ताटलीतलं एक घड्याळ उचललं आणि कानाला लावलं.

"हेही मुकंच," ते स्वतःशी म्हणाले.

तबक टेबलावर ठेवून त्यांनी किल्ली सैल केली आणि पिळायला लागले. ओठ हलत होते. ते मोजत होते.

शमिका त्यांचं मोजणं संपेपर्यंत थांबली. किल्ली परत आत ढकलून त्यांनी ती चिमटीत धरून फिरवली, थोडी फिरली, तिथेच सोडली.

"अण्णा," ती हळूच म्हणाली.

ते दचकले नाहीत. आवाजाच्या दिशेने मान वळवली. "कोण, मकरंद?"

"शमिका."

"लांबच राहा हो, बाळ. मडीत आहे मी." सोवळ्याला त्या घरात मडीच म्हणत. "इतक्या सकाळी?"

"घड्याळं बघायला आले. तुम्ही काय करताय?"

"किल्ली देतोय. तुमच्यापैकी कोणी देत नाही. रोज खाली येतो, कानाला लावतो, बंद. घरात बंद घड्याळ ठेवू नये. माझ्या वडिलांपासून आहे ते."

"किती आटे देता?"

"वीस. माझ्या घड्याळाला वीस लागतात. लग्नात मिळालंय ते, अठ्ठावन्न वर्षं झाली. एक दिवस चुकवला नाही."

"आणि ही? मकरंदची?" तिने कातडी पेटीकडे बोट दाखवलं; मग त्यांना ते दिसत नसणार हे लक्षात येऊन म्हणाली, "ती पेटी?"

"ते कातडं. मडीत कातड्याला हात कसा लावू? ताटली धातूची, घड्याळ धातूचं, त्याला दोष नाही. मकरंदला सांगणार होतो, तुझी तू बघ म्हणून. राहून गेलं."

शमिकाने एक श्वास घेतला. "गेल्या शुक्रवारी दिली नव्हती ना तुम्ही?"

भीमाचार्यांनी आठवून पाहिलं. "शुक्रवारी द्वादशी. त्या दिवशी तुळस तोडत नाहीत. खाली उतरलोच नाही. तुला कसं कळलं?"

"घड्याळांनी सांगितलं."

हे उत्तर त्यांना पटल्यासारखं दिसलं. त्यांनी दुसऱ्या घड्याळाकडे हात नेला.

"अण्णा, ते राहू दे," ती पटकन म्हणाली. "एवढं एक. ही घड्याळं आपोआप किल्ली घेतात. हातात घातली की, चालताना हात हलतो ना, त्याने."

"आणि कोणी घातलीच नाहीत तर?"

"मग बंद पडतात."

"तेच तर. कोणी घातली नव्हती." गणिताच्या मास्तरांनी मान हलवली. "माझं काय चुकलं?"

त्यांचं खरंच बरोबर होतं. "दहा वाजता सांगते," ती म्हणाली.

"सरी. पण ते बिचारं उपाशी राहील," भीमाचार्य म्हणाले, तबक उचललं आणि अंगणात तुळशीपाशी गेले.

शमिकाने प-९ भिंगाखाली धरलं. किल्ली आणि केस यांच्यात फट होती. साध्या डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकी, मोजली तर शून्य दशांश चार मिलिमीटर. त्र्याऐंशी वर्षांच्या बोटांनी अगदी मनापासून पिळलेली, पण शेवटचा दीड आटा राहिलेला. ज्या घड्याळांवर ते वाढले त्यांच्या किल्ल्यांना आटे नव्हतेच. ढकललं की झालं. आणि प-६ चाही उलगडा झाला. त्या दिवशी, कशी कोण जाणे, किल्ली त्यांच्या हातून पुरती बसली होती. तिने तसं लिहिलं, पुढे 'बहुधा' जोडलं आणि कागदावरचा गोल तसाच ठेवला.

तिने फट बंद केली नाही. दहा वाजता दोन्ही घड्याळं तशीच भांड्यात गेली. सुमंत आणि मकरंद मागे उभे होते. अक्का आपल्या जागेवरून उठल्या नव्हत्या. पाच वातावरणं, दहा मिनिटं. गरम तबकडी, थंड थेंब, एक मिनिट. प-९ च्या काचेआड सहा आणि नऊच्या मधे धुकं धरलं. प-१० कोरडं.

मग शमिकाने सगळं सांगितलं. सहा पंचेचाळीसपासून द्वादशीपर्यंत, फोटो दाखवत, ओळीने.

मकरंद सगळ्यात आधी हसला. "म्हणजे माझी पेटी कातड्याची म्हणून मी वाचलो."

"तू वाचलास, मी बुडत होते," खिडकीतून अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा आला, पण भिंग काढायला त्यांना दोनदा हात न्यावा लागला आणि डोळे पुसताना त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

सुमंत स्टुलावर बसला. "मी अख्खं आयुष्य एक घड्याळ काढायचं म्हणून धरून बसलो," तो म्हणाला, "ज्याला किल्ली द्यावी लागणार नाही. आणि माझ्याच घरात माझाच बाप रोज सकाळी उठून त्याला किल्ली देतोय." त्याने शमिकाकडे पाहिलं. "अक्कांशी बोलायचं होतं ना मला. बरं झालं, नाही बोललो."

"माझीही चूक आहे," शमिका म्हणाली. "टिक संध्याकाळची, चाचणी सकाळची. मधल्या सोळा तासांत कुणी हात लावणार नाही हे मी गृहीत धरलं. चाचणीआधी किल्ली मी स्वतः परत बघायला हवी होती. नवा रकाना घालते."

"घाल," अक्का म्हणाल्या. "आणि अण्णांना कोण सांगणार?"

मकरंदने सुमंतकडे पाहिलं, सुमंतने जिन्याकडे. भीमाचार्यांना आजवर कुणी चूक दाखवली नव्हती, आणि दाखवावी अशी त्यांची चूकही नव्हती.

"मग मीच सांगते," असं म्हणून अक्का उठल्या.

त्यांनी आपल्या पर्समधून एक जुनं घड्याळ काढलं. स्टीलचं, पट्टा केव्हाच तुटलेला. कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं, किल्लीचं. अक्का जिन्याच्या खालच्या पायरीशी उभ्या राहिल्या आणि वर हाक मारली. पूजा आटोपून, चष्मा लावून भीमाचार्य कठड्याशी आले.

"अण्णा, ही नवी घड्याळं आहेत ना, यांना हातावर बसल्याशिवाय भूक लागत नाही," अक्का म्हणाल्या. "किल्ली उघडली की यांच्या पोटात पाणी जातं. तुम्ही दिलेल्या वीस आट्यांनी ती चालली, पण आजारी पडली."

भीमाचार्य एक पायरी खाली उतरले. "किती?"

"सहा."

"अरेरे." त्यांनी चष्मा नीट केला. "तुम्ही भिंतीवर एक पाटी लावायला हवी होती. हात लावू नये म्हणून."

"चष्मा न लावता कशी वाचली असती?"

ते यावर खरंच हसले. अक्कांनी ते जुनं घड्याळ वर धरलं. "हे किल्लीचं आहे. मी रोज विसरते. उद्यापासून ताटलीत हे एकच असेल. याला मात्र उपाशी ठेवू नका."

"किती आटे?"

"चोवीस."

"माझ्यापेक्षा चार जास्त," भीमाचार्य म्हणाले, जरा मान देऊनच.

शुक्रवारची दुपार अक्कांनी ओली घड्याळं उघडण्यात घालवली. सहाही सुकवली, कड्या बदलल्या, परत बंद केली. प-११ आणि प-१२ नवी जुळवली. मकरंदनेही आपली उरलेली चार पुरी केली. शमिका समोर बसून बघत होती, हात नव्हे, काम. चिमट्याच्या टोकावर रबरी कडी केसाएवढी कलली की अक्का थांबत, मग ती सरळ होई, मग खाली जाई. उजव्या हाताचं मधलं बोट आता नीट उजेडात होतं. ते हलत नव्हतं. हलत असतं तरी कड्या बरोबर बसत होत्या.

"काय बघतेस?"

"काही नाही. शिकतेय."

"मग इथे उभी राहू नकोस, ग्रीस दे."

संध्याकाळी बाराही घड्याळं मकरंदच्या कातडी पेटीत गेली. बक्कल त्याने मोठ्या समारंभाने लावलं. "सासरी चालली," अक्का म्हणाल्या. इडलीच्या ताटलीत, पहिल्या खळग्यात, ते एक जुनं घड्याळ तेवढं राहिलं.

शनिवारी नऊला शमिका आली तेव्हा त्यातून आवाज येत होता. तिने ते कानाला लावलं, मग आपल्या फोनशी ताडून पाहिलं. वेळ कुणी लावली नव्हती, आणि ती तिनेही लावली नाही. दहाला तिने पेटी उघडली, एकेक घड्याळ भिंगाखाली धरून किल्ली तपासली, नव्या रकान्यात बारा वेळा टिक केली आणि बारा फोटो काढले. या वेळी प्रत्येकात किती वाजलेत तेही लिहिलं.

तीन फेऱ्या, दर फेरीत चार घड्याळं. दाब पाच वातावरणं, दहा मिनिटं. तबकडी पंचेचाळीस अंश, पाण्याचा थेंब वीस अंश, एक मिनिट. चाचणीआधी डायलवरच्या वेळा: बारा ते बारा-पाच. किल्लीची फट: बाराही ठिकाणी शून्य. काचेच्या आत धुकं: शून्य. खेपेतली एकूण घड्याळं चोवीस, कोरडी चोवीस.